गोदावरी संपते तिथे: राजमंड्री, कोनसीमा, अंतर्वेदी

माझी आई नाशिकची. तिच्यासाठी गोदावरी म्हणजे "गंगा", आणि ही गंगा त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर सुरू होते हे तिने इतक्या वेळा चढून बघितलंय की आता गुडघे नको म्हणतात. मग गेली काही वर्षं तिने नवीनच टुमणं लावलं होतं, सुरू होते ते पाहिलं, आता संपते ते दाखव. नवरा भंडाऱ्याचा, वैनगंगेच्या काठचा, त्याला गोदावरीचं काही कौतुक नाही पण मासे आणि भात मिळणार म्हटल्यावर तो लगेच तयार. जानेवारीत संक्रांत उलटून गेल्यावर आम्ही तिघं निघालो. प्लॅन साधा, आंध्रातल्या राजमंड्रीला मुक्काम, शनिवारी पूर्ण दिवस गाईड आणि गाडी घेऊन त्रिभुज प्रदेश उभा पार करून समुद्रापर्यंत जायचं, रविवारी जमेल तेवढं.

शुक्रवार, राजमंड्री

मुंबई, पुणे, सोलापूरवरून कोणार्क एक्सप्रेस थेट राजमंड्रीला जाते, त्यामुळे प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते शेवटच्या दहा मिनिटांचं. विजयवाड्याकडून येताना कोव्वूर स्टेशन गेलं की डब्यातली माणसं आपोआप उठून दाराशी आणि खिडक्यांशी जमायला लागतात, आपल्याला वाटतं उतरायची घाई असेल, पण नाही, पूल येतोय. हा कमानींचा रेल्वे पूल पावणेतीन किलोमीटर लांब आहे आणि त्या पावणेतीन किलोमीटरभर खाली नुसतं पाणी, मध्ये वाळूची बेटं, आणि बाजूला 1900 सालचा जुना हॅवलॉक पूल, 1997 पासून बंद पडलेला पण अजून उभा. एका बाईंनी लेकराच्या हातात नाणं दिलं आणि खिडकीतून टाकायला लावलं. आईने पर्स उघडेपर्यंत अर्धा पूल गेला होता, तरी तिने पाचचं नाणं टाकलंच. मग म्हणाली, "एवढी मोठी झाली का गं ही?" म्हणजे एखाद्या भाचीला लग्नात खूप वर्षांनी बघावं तसा सूर.

यावर नवरा काय म्हणाला तर, "आई, हे पाणी तुमच्या नाशिकचं नाही. तुमचं पैठणलाच अडवलंय. हे आमच्या वैनगंगेचं हाये."

झालं. पुढची सगळी ट्रिप हा वाद चालला. आणि खरं सांगायचं तर मुद्दा त्याचाच बरोबर होता. नाशिकची गोदावरी जायकवाडीत थांबते, पुढे मराठवाड्यातून तेलंगणात जाते तेव्हा पावसाळा सोडला तर तिच्यात फार जीव नसतो. सिरोंच्याजवळ तिला प्राणहिता मिळते, म्हणजे वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन आलेली नदी, गोदावरीची सगळ्यात मोठी उपनदी. त्याच्या पुढे इंद्रावती, मग शबरी. राजमंड्रीत जे अफाट पाणी दिसतं ते मुख्यतः या तिघींनी आणलेलं. आईला हे सगळं मोबाईलवर नकाशा काढून दाखवलं तर ती म्हणाली, "असेना का, नाव तर गोदावरीच आहे ना."

संध्याकाळी पुष्कर घाटावर रोज आरती होते, ती बघितली. गर्दी बेताची होती, बसायला पायऱ्या मिळाल्या, वारा गार. नंतर मेन रोडच्या बाजूला रोझ मिल्क प्यायलो, ही इथली खासियत आहे, घट्ट थंड दूध आणि गुलाबाचा अर्क, मला एक ग्लास भारी वाटला, दुसरा अति झाला.

टीप: गाईड ठरवताना हिंदी येतं का हे फोनवर स्वतः बोलून बघा, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. राजमंड्री शहरात हिंदी चालून जातं पण आत कोनसीमेत, म्हणजे त्रिभुज प्रदेशात, तेलुगूशिवाय फार काही हलत नाही. आणि शहराचं अधिकृत नाव आता राजमहेंद्रवरम आहे, तिकीट बुक करताना दोन्ही नावं टाकून बघा.

शनिवार, पहाटे, धवळेश्वरम

गाईड सहाच्या आधीच दारात. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, गाडी त्याची स्वतःची आणि चालवणारा पण तोच. आईला पहिल्या मिनिटापासून "अम्मगारू" म्हणायला लागला त्यामुळे त्याचं आणि आईचं जमलंच. त्याचे वडील पाटबंधारे खात्यात लस्कर होते, लस्कर म्हणजे कालव्याची दारं उघडबंद करणारा, काठांवर लक्ष ठेवणारा माणूस. हे कळल्यावर नवरा पुढच्या सीटवर जाऊन बसला तो दिवसभर तिथून उठला नाही.

धवळेश्वरम शहरापासून जवळच. धुकं एवढं की बॅरेजवर, म्हणजे नदीवरच्या दारांच्या बंधाऱ्यावर, चढलो तरी पाणी दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. हळूहळू एकेक दार दिसायला लागलं. एकूण 175 दारं आहेत आणि बॅरेज सलग नाही, मध्ये बेटं आहेत, त्यामुळे चार तुकडे होतात आणि सगळे मिळून साडेतीन किलोमीटरच्या वर लांबी भरते. इथे नदी फुटते. डावीकडची गौतमी, उजवीकडची वसिष्ठा, आणि पुढे वसिष्ठेतून वैनतेया वेगळी होते. गौतमी आणि वसिष्ठा यांच्या मधला त्रिकोण म्हणजे कोनसीमा. परंपरेत सात शाखा मानतात, सप्तर्षींच्या नावाच्या. गौतमी हे नाव ऐकून आई खूश, कारण त्र्यंबकची कथाच गौतम ऋषींची. तिने लगेच जावयाकडे बघितलं. जावई धुक्याकडे बघत होता.

बॅरेज आत्ताचं आहे, पण त्याच्या आधी इथे दगडी बंधारा होता, 1847 ते 1852 मध्ये आर्थर कॉटन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बांधलेला. त्याच्या आधी 1830 च्या दशकात या भागात भयंकर दुष्काळ पडला होता, एवढी मोठी नदी दारातून वाहत असताना. हे मला आधी नीट कळेना, डेल्टा म्हणजे पाणीच पाणी ना? गाईडने गाडी थांबवून समजावलं. पाणी येतं तेव्हा पुरासारखं येतं आणि तसंच समुद्रात निघून जातं, जमीन सपाट, अडवायला काही नाही, त्यात समुद्राचं खारं पाणी आत शिरतं. बंधारा घालून पाण्याची पातळी थोडी उचलली आणि तिथून पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन मोठे कालवे काढले, तेव्हा हा भाग हिरवा झाला. आता या पाण्यावर सुमारे दहा लाख एकर भिजते. म्हणजे आपण ज्याला निसर्गसौंदर्य म्हणून फोटो काढत होतो ते अर्धंअधिक कालव्यांचं काम आहे आणि ते रोज कुणीतरी चालवतंय.

कॉटनचं म्युझियम धवळेश्वरमला आहे, पण एवढ्या सकाळी ते कोण उघडणार. त्याचे पुतळे मात्र या भागात गावोगावी दिसतात, काही ठिकाणी चक्क हार घातलेले. गोदावरीत स्नान करताना म्हणायचा एक संस्कृत श्लोक आहे त्यात कॉटनला भगीरथ म्हटलंय, गाईडने तो खणखणीत म्हणून दाखवला. आईला हे जरा जड गेलं. मग म्हणाली, "पाणी दिलं त्याला हात जोडायला काय जातंय," आणि जोडले.

नवऱ्याने इथे पुन्हा वैनगंगा काढली. गाईड शांतपणे म्हणाला, "सर, वरून कुणाचंही येऊ दे. गेट आमच्याकडे आहेत."

मग तोच म्हणाला की पावसाळ्यात या आणि मग भांडा कुणाचं पाणी ते, तेव्हा मालकी सांगायला कुणी पुढे येत नाही. पावसाळ्यात इथली सगळी माणसं वरच्या बाजूच्या भद्राचलमच्या पाणीपातळीचा आकडा बघत बसतात, 43 फुटांना पहिला इशारा, 48 ला दुसरा, 53 ला तिसरा, आणि तिथलं पाणी मग धवळेश्वरमला उतरतं. 1986 च्या ऑगस्टमध्ये तिथे 75 फुटांच्या वर गेलं होतं आणि जुलै 2022 ला 71. तो 2022 चा जुलै नवऱ्याला लख्ख आठवत होता, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीत पण पुराने हाल झाले होते, त्याचे नातेवाईक अडकले होते. दोघं त्या विषयावर बराच वेळ बोलत राहिले, तारखा जुळवत, तिकडे कधी चढलं, इकडे कधी आलं. मी मागे बसून ऐकत होते आणि पहिल्यांदा मला ही एकच नदी आहे असं खरंच वाटलं.

अत्रेयपुरम

बॅरेज ओलांडून बोब्बर्लंका, तिथून कालव्याच्या काठाकाठाने अत्रेयपुरम. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला केळी आणि नारळ, आणि त्यांच्या मागे नुकतीच लावणी झालेली रब्बीची भातखाचरं, याला इथे दाळवा म्हणतात. सायकलवर दोन्ही बाजूंना केळीचे घड लटकवून माणसं रावुलपालेमच्या बाजाराकडे निघालेली, चालवत नाहीत, सायकल ढकलत जातात कारण बसायला जागाच नसते.

अत्रेयपुरम पूतरेकुलू या मिठाईसाठी प्रसिद्ध आहे, 2023 ला जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानं खूप आहेत पण गाईड एका घरी घेऊन गेला, अंगणात शेडखाली दोन बायका चुलीसमोर बसलेल्या. चुलीवर मडकं उपडं घातलेलं, खालून नारळाच्या झावळ्यांचा जाळ. तांदळाचं एकदम पातळ पीठ, त्यात एक फडकं बुडवायचं आणि गरम मडक्यावरून सर्रकन ओढायचं. मडक्यावर कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ थर राहतो आणि क्षणात वाळून कड सुटते, तो उचलून बाजूच्या थप्पीवर. पुन्हा बुडव, ओढ, उचल. हात थांबतच नाहीत. मग दुसरी बाई ते कागद किंचित ओलसर करून त्यावर तूप आणि पिठीसाखर किंवा गूळ घालून घडी घालते.

आईने करून बघायचा हट्ट धरला. चुलीजवळ बसल्याबरोबर धुराने डोळे भरले आणि मडक्याचा चटका इतका की तिने दोन प्रयत्नांत फडकं ठेवून दिलं. त्या बाई हसून काहीतरी बोलल्या, गाईडने सांगितलं की त्या लहानपणापासून करतायत आणि उन्हाळ्यात शेडखाली बसवत नाही म्हणून पहाटे तीनला चूल पेटवतात. आईने त्यांचे हात हातात घेऊन बघितले, बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. यानंतर भाव करायची आमची कुणाची हिंमत झाली नाही, सांगितले तेवढे दिले.

टीप: गुळाचे घ्या, साखरेच्यापेक्षा चव खोल आहे. ड्रायफ्रूटवाले दिखाऊ वाटले. डब्यावर काही ठेवू नका, नाहीतर घरी पोचेपर्यंत भुगा होतो. आणि घरांतून जाताना आधी विचारून फोटो काढा.

लोल्ला आणि मग अडकलो

पुढे लोल्ला गावाजवळ कालव्यावर जुने लॉक आहेत, म्हणजे बोटी वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरवायची दारं. सिनेमावाल्यांची आवडती जागा आहे म्हणे. एके काळी काकिनाड्याहून बोटीत बसलं की कालव्याकालव्यांनी मद्रासपर्यंत जाता यायचं, तांदूळ, नारळ, माणसं सगळं याच वाटेने. आता रस्ते झाले, कालव्यात बदकं आणि कपडे धुणाऱ्या बायका. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवे काही आठवडे बंद करतात तेव्हा हे सगळं कोरडं असतं, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये येऊन "काय ते कोनसीमा" म्हणू नका.

शनिवार असल्यामुळे वाडपल्लीच्या व्यंकटेश्वराला तोबा गर्दी. सात शनिवार दर्शनाला यायचा नवस असतो, आणि रस्ता एकच, कालव्याच्या बांधावरचा, एका बाजूला पाणी. आमची गाडी जवळपास पाऊण तास हलली नाही. पण या पाऊण तासात एक झालं, शेजारी अडकलेल्या टेम्पोतल्या कुटुंबाने आम्हाला खिडकीतून पुलिहोरा दिला, केळीच्या पानाच्या तुकड्यावर चिंचभात, वर शेंगदाणे. आईने परत तिळाच्या वड्या दिल्या. भाषा एकमेकांची शून्य. त्या आजींनी वडी खाल्ली, मान हलवली, आणि अजून एक मागून घेतली. तर शनिवार टाळा, असं सांगायला हवं. पण मला तो चिंचभात अजून आठवतो.

रियालीचं मंदिर छोटं आहे पण बघाच. जगन्मोहिनी केशव, एकाच काळ्या दगडात समोरून विष्णू आणि मागून मोहिनी, मागच्या बाजूला अंबाडा, त्यातली फुलं, पाठीवरची वळणं सगळं कोरलेलं. पुजारी मागच्या बाजूला नेऊन दिवा धरून दाखवतात. मूर्तीच्या पायाशी सतत पाणी पाझरत असतं. जावयाला दीड मिनिटात बाहेर पडायचं होतं, तो सगळ्यात शेवटी निघाला.

दुपार, जेवण आणि तळी

जेवण अंबाजीपेटच्या पुढे एका घरगुती मेसमध्ये, केळीच्या पानावर. मुद्दा पप्पू म्हणजे घट्ट वरण, त्यावर तूप आणि आवकाया लोणचं, गोंगुरा म्हणजे अंबाडीची चटणी, मज्जिग पुलुसू जी आपल्या कढीची लांबची बहीण, आणि पनस पोट्टू. ही भाजी म्हणजे कच्च्या फणसाचा अगदी बारीक चुरा, मोहरी वाटून लावलेली, नाकात झणका जातो. आईने तीनदा घेतली. तिखट आहे हं, खरंच तिखट आहे, "कम तीखा" सांगून काही उपयोग नाही कारण लोणचं आणि चटणी आधीच बनलेली असते. वरणभात आणि दही यावर माणूस आरामात जगतो.

नवऱ्याला पुलसा खायची होती. ही समुद्रातून गोड्या पाण्यात चढून येणारी हिलसा, पावसाळ्यात गढूळ पाणी उतरतं तेव्हा जुलै ते सप्टेंबर मिळते आणि भाव किलोला हजारोंत. इथे म्हणतातच, मंगळसूत्र विकावं लागलं तरी चालेल पण पुलसा खावी. जानेवारीत पुलसा म्हणून कुणी खपवत असेल तर समजून घ्या, असं गाईडने स्वच्छ सांगितलं. मग नवऱ्याने कोळंबी खाल्ली. बायकोचं मंगळसूत्र शाबूत राहिलं.

कोळंबीवरून पुढचा विषय निघाला. रझोलच्या पुढे गेलं की भातखाचरांच्या जागी चौकोनी तळी दिसायला लागतात, त्यात पाण्यात हवा मिसळणारी चक्रं घरघरत असतात. कोळंबी आणि मासे पाळायची तळी. पैसा त्यात आहे, पण शेजारच्या शेतात खारेपणा उतरतो, विहिरीचं पाणी बिघडतं, आणि एकाने तळं केलं की शेजाऱ्याला पण करावं लागतं. गाईडच्या भावाची जमीन अशीच तळ्यात गेली. 2011 मध्ये कोनसीमेतल्या शेतकऱ्यांनी चक्क खरीपच घेतला नव्हता, क्रॉप हॉलिडे म्हणून देशभर गाजलं होतं, भाताला खर्च परवडेना आणि शेतातलं पाणी निचरायला वाट नाही हे त्यांचं म्हणणं. दहा लाख एकर भिजवणाऱ्या कालव्यांच्या देशात शेतकरी पेरायला नाही म्हणतो, हे ऐकून आई गप्प झाली. आमची द्राक्षाची बाग होती एके काळी, तिला ते गणित सांगावं लागत नाही.

आणि वादळं. 6 नोव्हेंबर 1996 च्या रात्रीच्या वादळात हजाराहून जास्त माणसं गेली आणि नारळाच्या बागाच्या बागा झोपल्या. गाईड तेव्हा पंचविशीचा. तो म्हणाला की सकाळी उठून बघितलं तर दूरवरचं गाव दिसत होतं जे आधी कधीच दिसलं नव्हतं, मध्ये झाडंच नव्हती. आत्ता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी नारळाची भिंत दिसते तिच्यातली बरीच झाडं त्यानंतर लावलेली.

जाता जाता जग्गन्नतोटा दाखवली, नारळाची वाडी, जिथे संक्रांतीनंतर कनुमाच्या दिवशी प्रभल तीर्थम भरतं. आजूबाजूच्या गावांतले अकरा रुद्र बांबू आणि रंगीत कापडाच्या उंच प्रभांवरून, म्हणजे मखरांवरून, इथे भेटायला येतात, एका गावाची प्रभा तर माणसं छातीएवढ्या पाण्यातून कालवा ओलांडून खांद्यावर आणतात. आम्ही पोचलो तेव्हा वाडीत फक्त गाई होत्या. गाईड दोनदा म्हणाला, थोडं आधी आला असतात तर. येणार असाल तर संक्रांतीलाच या, पण मुक्कामाचं आधी बघा कारण त्या दिवसांत अख्खी गोदावरी जिल्ह्यांची मंडळी हैदराबादहून घरी येते.

अंतर्वेदी

चार वाजता पोचलो. लक्ष्मी नरसिंहाचं मंदिर मोठं आणि प्रसन्न, माघातल्या भीष्म एकादशीला इथे रथ निघतो, त्याची तयारी चालू झालेली होती, मांडवाचे बांबू पडलेले. दर्शन झालं आणि आई म्हणाली चला, आता ते दाखवा.

दीपस्तंभाच्या बाजूने पुढे गेलं की बोटवाले असतात. बोट साधी, मोटर लावलेली, लाकडी फळ्या. लाईफ जॅकेट बोटीच्या तळाशी दाबून ठेवलेली होती, मागितल्यावर काढून दिली. तुम्ही पण मागा, लाजू नका, 2019 ला याच नदीवर कच्चुलूरूजवळ पर्यटकांची बोट बुडून मोठी दुर्घटना झाली होती. आईला बोटीत चढवायला दोन कोळी पोरं पाण्यात उतरली, एकाने गुडघा पुढे केला आणि म्हणाला इथे पाय द्या. ती काही पाय देईना. शेवटी जावयाने आणि त्या पोराने मिळून उचललीच.

मुखाशी वाळूचा लांब दांडा आहे, अण्णाचेल्लेळ गट्टू, म्हणजे भावाबहिणीचा बांध. एका बाजूला वसिष्ठा, शेवाळी रंगाची, जवळपास थांबलेली. दुसऱ्या बाजूला बंगालचा उपसागर, लाटा. दोन्हीच्या मध्ये आपण वाळूवर. मला वाटलं होतं आई रडेल वगैरे. ती आधी नदीकडच्या पाण्यात पाय बुडवून आली, मग समुद्राकडच्या, मग दोन्हीकडचं बोट जिभेला लावून बघितलं आणि जाहीर केलं की दोन्ही खारट आहेत. बोटवाला म्हणाला भरती आहे, भरतीला समुद्र नदीत बराच आतपर्यंत चढतो. म्हणजे नक्की कुठे संपते? असं आईने विचारलं. त्याने हात हलवून सांगितलं, सकाळी तिथे, आत्ता इथे, पावसाळ्यात तिकडे लांब समुद्रात. "ठिकाण एक नाही होय," म्हणाली, आणि पर्समधून छोटी बाटली काढली. त्र्यंबकच्या कुशावर्ताचं पाणी! आम्हाला दोघांनाही पत्ता नव्हता. ते तिने नदीच्या बाजूने ओतलं. मग जावयाकडे वळून म्हणाली, "आता आहे ना माझ्या नाशिकचं पाणी इथे?"

तो म्हणाला, "आहे. दोनशे मिली."

नरसापूर, आणि परत

परतताना गाडीसकट पंटूवर चढलो, म्हणजे दोन बोटी जोडून वर फळ्या टाकलेला तराफा, त्यावर गाड्या, स्कूटर, माशांच्या टोपल्या, शाळेची पोरं सगळं एकत्र. सखिनेटीपल्लीच्या काठावरून नरसापूर, रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो. नरसापूरच्या आसपासच्या गावांत बायका क्रोशाच्या सुईने लेस विणतात, शंभराहून जास्त वर्षांचा धंदा आहे, मिशनरी बायकांनी सुरू केलेला, आणि त्यालाही 2024 ला जीआय मिळाला. ओट्यावर बसून गप्पा मारत विणणं चालू असतं, सुईकडे बघत पण नाहीत. टेबलावरचा रुमाल घेतला. विणणारीच्या हातात काय पडतं हे विचारलं तर उत्तर ऐकून वाईट वाटलं, दुकानापेक्षा थेट घरातून घ्या.

हॉटेलवर साडेनऊला. एका दिवसात एवढं करणं दमवणारं आहे, वयस्कर माणूस बरोबर असेल तर दिंडीला किंवा नरसापूरला मध्ये एक मुक्काम करा. दिंडीला हाऊसबोट पण आहेत.

रविवार, कोरिंगा

काकिनाड्याच्या बाजूला, गौतमीच्या मुखाकडे कोरिंगा अभयारण्य आहे, खारफुटीचं. लाकडी पायवाटेवरून आत चालत जाता येतं. ओहोटी असेल तर चिखलात खेकडे आणि चिखलावर उड्या मारत चालणारे निवट्या मासे दिसतात, आम्हाला भरपूर दिसले. फिशिंग कॅट आणि पाणमांजरं पण आहेत, ती आम्हाला दिसली नाहीत, रविवारच्या गर्दीत दिसणार पण नाहीत. इथलं कोरिंगा बंदर एके काळी जोरात होतं, 25 नोव्हेंबर 1839 च्या वादळात समुद्र आत घुसला आणि जहाजांसकट उद्ध्वस्त झालं. आता त्याच किनाऱ्याला ही खारफुटी लाटांचा मार झेलते. डास आहेत, फुल बाह्या घाला.

परतीच्या गाडीत पुढच्या खेपेचं भांडण सुरू. नवऱ्याला ऑगस्टमध्ये पुलसा खायला यायचंय, पूर असला तरी. आईला 2027 ला यायचंय, कारण गुरू सिंह राशीत गेला की राजमंड्रीला गोदावरी पुष्करम हा स्नानाचा मेळा आणि नाशिकला सिंहस्थ, दोन्ही एकाच वेळी, आणि घरी पाहुणे येण्यापेक्षा आपणच पाहुणे म्हणून निघालेलं बरं असं तिचं म्हणणं. तुम्हाला पण तेव्हा यायचं असेल तर राजमंड्रीतलं हॉटेल आत्ताच बघायला लागा, नाशिकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.